अक्षरांची सोंगे

‘न्याहाळक’ हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही. वीस वर्षांपूर्वी मराठी आंतरजालावरच्या हौशी मंडळींनी ब्राउझरला दिलेले हे नाव. मला ते अजून आवडते. ब्राउझर पान लिहीत नाही, दुसऱ्याने लिहून ठेवलेले पान न्याहाळतो आणि आपल्याला दाखवतो, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात आहे. आजचा विषय या न्याहाळकाचाच. ब्राउझर नवा झाला, म्हणजे सगळे म्हणतात तसा ‘अपडेट’ झाला, की काल नीट दिसणारे संकेतस्थळ आज दिसेनासे होते. हा अनुभव जगभर सगळ्यांना आहे. पण मराठीच्या वाट्याला तो इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त आला आणि त्यात आपले बरेच लिखाण वाचण्यापलीकडे गेले. ते का झाले, हे सांगावे म्हणतो. मंडळी, मध्ये थोडा तांत्रिक भाग येईल. मी मराठी माध्यमातून बीए झालेला मास्तर. मला जे समजले ते तुम्हाला समजायला काहीच हरकत नाही.

सुरुवात आकड्यांपासून करावी लागेल. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठले अक्षर, हे आधी सगळ्यांनी मिळून ठरवावे लागते. इंग्रजीसाठी हे काम अमेरिकेत १९६३ सालीच झाले, त्या यादीला ‘आस्की’ म्हणतात. आपल्याकडे आयआयटी कानपूरला सुरू झालेले काम पुढे पुण्याच्या सीडॅकने (स्थापना १९८८) वाढवले आणि १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण ठरले. त्यात ‘क’चा आकडा एकच, मग तो देवनागरीतला असो, बंगालीतला असो की तेलुगूतला. त्याच १९९१ साली जगातल्या सगळ्या लिप्या एका यादीत बसवू पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही देवनागरी होती. म्हणजे एका वर्षात दोन प्रमाणे.

पण ती कागदावर. इस्की परदेशी ब्राउझरांना माहीत नव्हते, आणि युनिकोडमधली देवनागरी जोडाक्षरांसकट नीट दाखवणारे विंडोज २००० साल उजाडेपर्यंत आलेच नाही. इकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केले. १९९६च्या गणेश चतुर्थीला मायबोली सुरू झाली. मराठी माणसाला लिहायचे होते आणि संगणकाला मराठी येत नव्हते. या चार-पाच वर्षांच्या फटीत जी युक्ती निघाली, तिने पुढचे सगळे रामायण घडवले.

युक्ती म्हणजे सोंग. आपल्याकडे भारुडात एकच गडी आधी गोंधळी होतो, मग जोशी होतो, मग बाई होऊन येतो. शाळेच्या हजेरीपटात मात्र त्याचे नाव एकच असते. तसेच हे. पानावर खरोखर लिहिलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट बनवणाऱ्याने त्या इंग्रजी अक्षरांच्या चित्रांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. एका ठिकाणी अर्धा म, दुसऱ्या ठिकाणी काना, तिसऱ्या ठिकाणी वेलांटी. तो फॉन्ट चढवला की मराठी दिसते. फॉन्ट काढला की खालचे इंग्रजी उघडे पडते, आणि तेही अर्थाचे नाही: स्वल्पविराम, डॉलरची खूण, कंस, लहान-मोठी अक्षरे यांची खिचडी. संगणकाच्या दृष्टीने तिथे मराठी कधी नव्हतेच.

आणि सोंगे तरी किती! शिवाजी, शुषा, सीडॅकचे योगेश आणि सुरेख, पुण्याच्याच कंपनीची श्री-लिपी, बंगळूरची आकृती. प्रत्येकाने तुकडे आपापल्या सोयीने बसवलेले. एकात जिथे ‘प’ असेल तिथे दुसऱ्यात ‘ळ’. कारणही होते. एका फॉन्टात जागा सगळ्या मिळून २५६, त्यांतल्या कित्येक वापरता येत नाहीत, आणि मराठीची जोडाक्षरे, रफार, उकार, सगळे त्यातच कोंबायचे. शुषा तर हर्ष कुमार यांनी सगळ्यांना फुकट दिला. तेव्हाचे कितीतरी हिंदी-मराठी लिखाण त्याच्यावर झाले. आज या लोकांना नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ही माणसे प्रमाण येईपर्यंत थांबली असती तर १९९५ ते २००० या काळातले मराठी आंतरजाल कोरेच राहिले असते.

आता वाचणाऱ्याची बाजू. संकेतस्थळ शिवाजीत असेल तर तुमच्या संगणकावर शिवाजी हवा. तो आधी उतरवून घ्या, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन फॉन्टच्या कप्प्यात टाका, मग वाचा. शिवाय ब्राउझरच्या मेनूत ‘एन्कोडिंग’मध्ये जाऊन ‘यूजर डिफाइन्ड’ निवडा, नाहीतर काही अक्षरे गळतात. परभणीच्या नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्या माणसाने हे कधी करायचे? आणि कॅफेवाला फॉन्ट टाकू देईलच असे नाही.

यावर १९९७ साली उत्तर आले. पानासोबत फॉन्टही पाठवायचा. वाचणाऱ्याने काही करायचे नाही, ब्राउझरच फॉन्ट आणून चढवील. याला म्हणत ‘डायनॅमिक फॉन्ट’. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत बिटस्ट्रीम कंपनीची एक पद्धत, मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोअररच्या चौथ्या आवृत्तीत त्यांची स्वतःची दुसरी. दोघांचे वैर जगजाहीर, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला चालत नसे. तरी मराठीसाठी ही पर्वणीच होती. मोठ्या मराठी दैनिकांची संकेतस्थळे याच पायावर उभी राहिली आणि अमेरिकेतल्या माणसाला सकाळच्या चहाबरोबर पुण्या-मुंबईच्या बातम्या मराठीत वाचता येऊ लागल्या.

मग नोव्हेंबर २००० मध्ये नेटस्केपची सहावी आवृत्ती आली (पाचवी कधी आलीच नाही). ती नव्याने लिहिली होती, आणि नव्याने लिहिताना त्यांनी फॉन्ट आणून चढवण्याची सोय वगळली. आता नीट पाहा, या एका गोष्टीचा परिणाम दोन भाषांवर किती वेगळा झाला. इंग्रजी पानाला फॉन्ट म्हणजे दागिना. तो गेला तर पान साध्या अक्षरांत दिसेल, वाचायला अडचण नाही. अमेरिकेतल्या कुणी त्याबद्दल फार तक्रार केली नसणार. मराठी पानाला मात्र फॉन्ट म्हणजे अंगावरची कातडी होती. ती गेल्यावर उरली खिचडी. नवा नेटस्केप घेणाऱ्या मराठी वाचकाला वाटले संकेतस्थळ बिघडले. संकेतस्थळवाल्याने तपासले तर त्याच्याकडचे एक अक्षरही बदललेले नव्हते. दोघेही खरे बोलत होते.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची गोम इथे आहे. ज्या सोयीला बनवणारे ‘सजावट’ समजत होते, त्या सोयीवर आपण आख्खी भाषा टांगली होती. सजावट काढून टाकताना कुणी विचारत नाही.

पुढची चार वर्षे इंटरनेट एक्सप्लोअररचेच राज्य होते, आणि मराठी संकेतस्थळांवर ‘हे पान इंटरनेट एक्सप्लोअररमध्येच पाहावे’ अशी पाटी असे. किराणा दुकानावर ‘उधारी बंद’ असावी तशी. हे आपल्याकडेच होते असे नाही. दक्षिण कोरियाने बँकांच्या व्यवहारासाठी १९९० च्या दशकाअखेर स्वतःची सांकेतिक पद्धत ठरवली आणि ती चालवण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोअररमधले ‘ॲक्टिव्ह-एक्स’ नावाचे जोडकाम वापरले. २००७ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टा बाजारात आणले, त्यात या जोडकामावर बंधने आली आणि कोरियातल्या बँका व सरकारी कचेऱ्यांची तारांबळ उडाली. श्रीमंत, शिकलेला, आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी वेगवान इंटरनेट असलेला देश, पण एका कंपनीच्या एका खुंटीला बांधला गेलेला.

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स आला. हलका, फुकट, आणि पॉपअपच्या कटकटी रोखणारा. तरुण पोरांनी तो लगेच घेतला, आणि घेतल्यावर मराठी दैनिक उघडले की पुन्हा खिचडी. तेव्हा एक छान तोड निघाली. ‘पद्म’ नावाचे एक छोटे पूरक साधन फायरफॉक्सला जोडता येई. मूळ तेलुगूसाठी बनवलेले, पुढे देवनागरीसकट इतर लिप्यांसाठीही वाढवलेले. पानावरची खिचडी पाहून, ती कुठल्या फॉन्टची आहे हे ओळखून, ते साधन तिथल्या तिथे तिचे युनिकोड करून दाखवी. दुभाषाच म्हणा ना. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची सत्तावन्नावी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची सगळी पूरक साधने तिने एकदम बंद केली. ब्राउझरच्या बदलाने झालेल्या दुखण्यावरचे औषध ब्राउझरच्याच पुढच्या बदलात गेले. २०१६ च्या अखेरीस क्रोमनेही ‘एन्कोडिंग’चा मेनू काढून टाकला होता. कुणी वापरत नाही, हे कारण. खरेही असेल. वापरणारे जुने मराठी वाचणारेच उरले असतील.

दरम्यान खरे औषध आले होते, युनिकोड. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आले. त्यात देवनागरी होती, पण झोपलेली. तिला उठवायला रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे आणि मग संगणक एक्सपीची सीडी मागे. गंमत म्हणजे त्या चौकोनासमोरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांचा उल्लेख होता, थाई भाषेचा होता, मराठी-हिंदीचा नव्हता. आपली भाषा कुठल्या खोलीत आहे हे दारावर लिहिलेलेच नाही! ज्यांनी खूण केली नाही त्यांना चौकोन-चौकोन दिसत, किंवा वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला. आम्हा शिक्षकांना ज्या काळात एमएस-सीआयटी करावी लागली, त्या काळातली ही गोष्ट. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये मनोगत आले, बरहा आणि गमभन यांच्यामुळे इंग्रजी कळफलकावरून मराठी लिहिता येऊ लागले, आणि अनुदिन्यांची रांग लागली. त्यातले काही जण आजही हे वाचत असतील, त्यांना नमस्कार.

युनिकोडमध्ये सोंग नाही. ‘क’ला २३२५ हा आकडा, ‘म’ला २३५०, आपल्या ‘ळ’ला २३५५, आणि हे आकडे दुसऱ्या कुणाचे नाहीत. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. याहून मोठी गोष्ट म्हणजे एकदा दिलेला आकडा पुन्हा हलवायचा नाही, असे त्यांनी ठरवलेले आहे. हे शहाणपण त्यांनाही ठेच लागूनच आले. १९९६ साली दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरे एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेली होती, त्यानंतर असे कधी करायचे नाही हे पक्के झाले.

ब्राउझरचे बदल नेहमी आपल्या मुळावर आले, असेही म्हणता येणार नाही. फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही कडा सरळ जुळवलेला देवनागरी मजकूर फुटलेला दिसे. मात्रा, काने वेगळे होऊन ओळीभर विखुरत. जून २००८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीने ते दुखणे घालवले. मार्च २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोअररच्या आठव्या आवृत्तीत पत्त्याच्या पट्टीजवळ एक बटण आले, त्यावर फाटक्या पानाचे चित्र होते. नव्या ब्राउझरात जुने संकेतस्थळ विस्कटले तर ते दाबायचे, मग ब्राउझर जुने रूप धारण करी. इतकी प्रांजळ कबुली कुठल्या कंपनीने क्वचितच दिली असेल. आणि युनिकोड आले म्हणून सगळे सुरळीत झाले असेही नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे जुन्या संगणकावर ‘ॲप’ लिहिले की पहिल्या अक्षराच्या जागी चौकोन दिसे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडेलच असे नाही. पण ही किरकोळ दुखणी. भाषा जिवंत राहते.

माझा जीव अडकला आहे तो आधीच्या आठ-दहा वर्षांत. मराठी दैनिके एकेक करून युनिकोडवर आली, चांगले झाले. पण नव्या घरात जाताना जुने सामान किती जणांनी नेले? १९९९ सालचा एखादा अग्रलेख एखाद्या दैनिकाच्या संकेतस्थळावर शोधून पाहा. अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हने १९९६ पासून जगभरची पाने साठवली आणि २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. त्यांत मराठी पानेही आहेत. उघडली तर चौकट, चित्रे, रंग जागेवर असतात आणि मजकुराच्या जागी खिचडी. पान आहे, मजकूर आहे, एक अक्षरही पुसले गेलेले नाही, तरी वाचता येत नाही. शोधयंत्रालाही ते मराठी वाटत नाही, म्हणून शोधून सापडतही नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला ही अवस्था अनोळखी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कारभार उर्दूत, घरगुती आणि जुने कागद कितीतरी मोडीत. राज्य गेले, मोडी शाळेतून गेली, उर्दू वाचणारे पाटील-कुलकर्णी गेले, आणि शाबूत कागदांची गाठोडी मुकी झाली. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध आधी घ्यावा लागला. कागदाला वाळवी लागली नव्हती. तरीही मोडीच्या बाबतीत आपण सुदैवी. मोडी ही खरी लिपी आहे, शिकता येते, आणि २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये जागाही मिळाली. फॉन्टाची सोंगे मात्र शिकण्यासारखी लिपी नाहीत. सोंग बनवणाऱ्याच्या फाइलीशिवाय त्यांना दुसरा कोश नाही.

हे नुसते ज्ञान म्हणून सांगत नाही, आमच्या घरातही घडले आहे. नातेवाइकांपैकी थोड्यांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी लिहितो.

आमचे थोरले बंधू, दादा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. रझाकारांच्या धामधुमीत आपली मंडळी बोरीहून बैलगाडीने लोणारला गेली, ते तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात. दादा तेव्हा दहा वर्षांचे. वाटेत कुणी भाकरी दिली, कुणी दार लावून घेतले, लोणारला किती दिवस काढले, परत आल्यावर घरात काय उरले होते, हे सगळे त्यांनी निवृत्तीनंतर वहीत लिहिले. २००१ साली अमेरिकेतल्या पुतण्याने ते टंकून संकेतस्थळ केले, चौदा पाने. शिवाजी फॉन्ट, मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने पानासोबत जोडलेला. दादांनी परभणीच्या कॅफेत बसून ते पाहिले आणि तीन पानांची छापील प्रत काढून आणली, कुणाला तरी द्यायची म्हणून. दादा २००६ मध्ये गेले. वह्या जुन्या माळवदाच्या घरात होत्या. एका पावसाळ्यात माळवद बसले, त्यात त्या गेल्या.

संकेतस्थळ होते म्हणून कुणी घाबरले नाही. पुढे विंडोज दहाचा नवा लॅपटॉप आला, त्यातल्या नव्या एज ब्राउझरने ती जुनी जोडलेली फाइल ओळखलीच नाही. पुतण्या म्हणाला, काका, त्याच लॅपटॉपमध्ये जुना एक्सप्लोअरर लपवून ठेवलेला आहे, त्यात उघडा. उघडले, दिसले. त्यानंतर ज्यांच्या फुकट जागेवर ती पाने होती त्यांनी जागा देणेच बंद केले. पुतण्याकडे पानांची सीडी होती. ती लावली, त्याच एक्सप्लोअररमध्ये उघडली, खिचडी. हे मोठे कोडे होते. ब्राउझर तोच, पान तेच, फॉन्टची फाइलही शेजारीच. उलगडा असा, की त्या पद्धतीत फॉन्ट चोरीला जाऊ नये म्हणून तो एका पत्त्याला बांधलेला असे. पान त्या पत्त्यावरून आले तरच फॉन्ट चढे. पत्ताच जगातून नाहीसा झाला होता.

मग आम्ही काय केले ते सांगतो, तुमच्याकडे असे काही असेल तर उपयोगी पडेल. पान उघडून कंट्रोल आणि यू ही दोन बटणे एकदम दाबली की पानामागचा मूळ मजकूर दिसतो. त्यात फॉन्टचे नाव लिहिलेले असते. तेच सर्वांत मोलाचे, आधी ते वहीत उतरवून घ्या. नाव कळल्यावर फॉन्टची साधी फाइल मिळवायची आणि संगणकावर बसवायची. शिवाजी अजून मिळतो. तो बसवताच क्रोममध्येसुद्धा पाने वाचता आली, पत्ता-बित्ता काही लागला नाही. पण फक्त त्याच संगणकावर. मोबाइलवर नातवंडांना पाठवली तर पुन्हा खिचडी. म्हणून युनिकोडमध्ये बदलून घेणे आले. त्यासाठी फुकट परिवर्तक मिळतात. हिंदीच्या काही हौशी मंडळींनी गटाने बसून अशी साधने तयार केली, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

परिवर्तक म्हणजे नुसती एकाला एक अदलाबदल नव्हे. सोंगाच्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, अक्षराच्या आधी लिहिलेली असते. युनिकोडात ती उच्चाराच्या क्रमाने अक्षरानंतर हवी. रफाराचे याच्या उलट. ‘कर्ता’मधला रफार त्या फॉन्टात ‘ता’ झाल्यावर येतो, युनिकोडात ‘र’ ‘त’च्या आधी हवा. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही असले की परिवर्तक गडबडतो. ‘मूर्ती’ नीट, ‘आर्थिक’ची दैना. मध्येच कुठे खरेच इंग्रजी असले, पुतण्याचा ईमेलचा पत्ता किंवा एखाद्या गावाचे इंग्रजी स्पेलिंग, तर तेही मराठी समजून बदलले जाते आणि भलतेच काहीतरी तयार होते. अकरा पाने मी दोन महिन्यांत हाताने तपासली. पंचवीस वर्षे वह्या तपासल्याचा सराव होता.

हे फक्त अक्षरांपुरते नाही. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झाले आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात केलेली चित्रे, खेळ, मुलांचे पाठ चालेनासे झाले. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही अर्ज फ्लॅशमध्ये होते, तर त्या खात्याने ते भरण्यासाठी स्वतःचा वेगळा ब्राउझर काढला. आपल्याकडेही एका ओळखीच्या मुख्याध्यापकांनी एका सरकारी कामासाठी कचेरीतल्या एका संगणकावर जुना ब्राउझर जपून ठेवला होता आणि त्यावर कागद चिकटवला होता, ‘अपडेट करू नये’. मला त्यांचे हसू आले नाही. इंटरनेट एक्सप्लोअररही १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. ब्राउझर नवे करूच नका, असा सल्ला मात्र मी देणार नाही. जुन्या ब्राउझरला चोर लवकर सापडतात, बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

आता उरलेल्या तीन पानांबद्दल. चौदापैकी अकरा वाचली, ती मी येथे क्रमाने टाकीन. शेवटची तीन मात्र पुतण्याच्या एका मित्राने टंकली होती, दुसऱ्याच फॉन्टात. त्या फॉन्टचे नाव पानामागे आहे, पण फाइल सीडीत आली नाही आणि त्या नावाचा फॉन्ट आम्हाला अजून कुठे मिळालेला नाही. मित्राचा पत्ता लागत नाही. ही पाने परतीच्या प्रवासाची आणि घरी काय उरले त्याची असावीत, कारण या सोंगाच्या फॉन्टांत एक गोष्ट बरी असते, आकड्यांच्या जागी आकडेच असतात. खिचडीतून १७, मग १९४८, खाली एका ओळीत ३ आणि पुढे ४० असे वाचता येते. तीन काय आणि चाळीस काय, ते कळत नाही. माणसे, बैल, रुपये, पोती, काहीही असेल.

एक मार्ग आहे, आणि मी तो सुरू केला आहे. कुठले चिन्ह किती वेळा येते ते मोजायचे. सर्वांत जास्त येईल तो बहुधा काना. ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारी जोडी ‘होते’ किंवा ‘होती’ असणार. ‘बोरी’ आणि ‘लोणार’ हे शब्द कुठे तरी असणारच. आतापर्यंत नऊ चिन्हे लागली आहेत, काही पुन्हा खोडावी लागतील.

पण याहून सोपा मार्ग तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात असू शकतो. दादांनी कॅफेतून जी तीन पाने छापून आणली ती हीच असतील, असे वहिनींना आठवते. त्या वर्षी दिवाळीत पाथरी, सेलू आणि औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) मंडळी बोरीला आली होती, त्यांच्यापैकी कुणाला तरी त्यांनी ती दिली. ट्रंकेत, पोथीत, लग्नपत्रिकांच्या पिशवीत पाहा. कागद पिवळा झाला असेल, शाई फिकी असेल, तरी चालेल, एक पान मिळाले तरी फॉन्टची सगळी चिन्हे लागतील. मोबाइलने फोटो काढून पाठवा, मूळ कागद पोस्टात टाकू नका.